फील्ड ॲम्ब्युलन्स म्हणजे गाडी नव्हे : सुभेदारसाहेबांना उघड पत्र

आदरणीय सुभेदारसाहेब,

सा. न. वि. वि.

कोरियन युद्धातल्या भारतीय लष्करी वैद्यकीय युनिटवरचा माझा दिवाळी अंकाचा लेख काल संपादकांकडे गेला. तुम्ही मोबाइलवर फार वाचत नाही, पण नात वाचून दाखवेल म्हणून हे इथेच लिहिते. आणि तुमचे आभार चार लोकांदेखत मानायचेच होते.

माझा मूळ विषय वेगळा होता, तुम्हाला माहीतच आहे. १९५३ साली कोरियात युद्धकैद्यांची जबाबदारी घेतलेल्या भारतीय दलाचे प्रमुख जनरल एस. पी. पी. थोरात, आपल्या कोल्हापूरकडचे. त्यांच्याविषयी वाचता वाचता '६० पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स' हे नाव सारखं आडवं येऊ लागलं. मी समजले, छत्रीनं खाली सोडायची रुग्णवाहिका! खर्ड्यात तसं लिहूनही टाकलं होतं. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात आणि म्हणालात, "बाई, ही गाडी नाही. युनिट आहे, साडेतीनशेच्या घरातल्या माणसांचं."

मग माझ्या वहीच्या मागच्या पानावर तुम्ही आकृती काढलीत. लढणाऱ्या पलटणीचा स्वतःचा डॉक्टर, त्याच्याकडून जखमी उचलणारे स्ट्रेचरवाले, पुढचं ड्रेसिंग स्टेशन (म्हणजे प्रथमोपचाराचं ठाणं), मागचं मोठं ड्रेसिंग स्टेशन, आणि तिथून अमेरिकनांचं मॅश, म्हणजे शस्त्रक्रियेचं फिरतं लष्करी रुग्णालय. "इथं माणूस बरा करायचा नसतो," तुम्ही म्हणालात, "पुढच्या टप्प्यापर्यंत जिता पोचवायचा असतो." चाळीस पानं वाचून मला जे कळलं नव्हतं ते या एका वाक्यात कळलं.

भारतानं कोरियात लढाऊ फौज पाठवायला नकार दिला आणि हे युनिट दिलं, एवढं मला ठाऊक होतं. २० नोव्हेंबर १९५० ला ते बुसान बंदरात उतरलं. प्रमुख लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज. १९४१ मध्ये छत्रीनं उडी घेणाऱ्या पहिल्या भारतीयांतले हे एक डॉक्टर. पुढची गोष्ट मला फार आवडली होती : डिसेंबरात चिनी फौज उत्तर कोरियाच्या राजधानीवर, प्योंगयांगवर चालून आली, माघारीचा हुकूम झाला, सामान न्यायला वाहनं नाहीत. तेव्हा यांनी एक बेवारस आगगाडी शोधली, बादल्यांनी पाणी ओतून इंजिनाचा बॉयलर भरला, आणि इंजिन चालवता येणारे जवान निघाले युनिटमध्येच! मी ते साहस म्हणून रंगवलं होतं. तुम्ही एवढंच विचारलंत, "सामान काय होतं ते लिहिलंय?" नव्हतं लिहिलं. "सर्जन पळाला तर सर्जन वाचतो. निर्जंतुक करायचं यंत्र मागं राहिलं तर युनिट संपलं." तो परिच्छेद मी तिसऱ्यांदा लिहिला आणि आता तो बरा झालाय असं वाटतं.

थंडीचंही तसंच. उणे वीस हा माझ्यासाठी आकडा होता. इंजेक्शनच्या कुप्या गोठू नयेत म्हणून काखेत धरून बसण्याची तुमची सियाचिनची आठवण ऐकली आणि त्या आकड्याचा अर्थ लागला.

२३ मार्च १९५१ ची मुनसानची उडी थोडक्यात आटोपली आहे. अमेरिकन १८७ व्या रेजिमेंटल कॉम्बॅट टीमबरोबर उतरलेले सुमारे साडेतीन हजार सैनिक, आणि त्यांच्यात रंगराज धरून आपले बारा जण. बाकी लोक तेच लिहितात. तुमच्या सांगण्यावरून मी दक्षिण कोरियातल्या देगू शहराला जास्त जागा दिली. युनिटचा एक भाग तिथं राहून कोरियन सैनिकांवर आणि साध्या नागरिकांवरही उपचार करत होता. युद्धबंदी झाल्यावर हे युनिट थोरातांच्या दलाच्या कामाला आलं, तेव्हा माझा पहिला विषयही शेवटी लेखात शिरलाच.

'मरून एंजल्स' (मरून म्हणजे छत्रीधारी सैनिकांच्या टोपीचा गडद तांबडा रंग) हे त्यांचं टोपणनाव मी शीर्षकात घालणार होते. तुम्ही हसलात : "देवदूत म्हटलं की पेन्शन विचारायची सोय राहत नाही." शीर्षक बदललं.

एक भांडण मात्र मी जिंकले. संपादकांना आकृतीच्या जागी छत्र्यांचा फोटो हवा होता. मी अडून बसले. तुमची आकृती तुमच्याच अक्षरात छापली जाणार आहे. नाव नको म्हणालात, म्हणून घातलेलं नाही. आणि हो, तुमचं जाड भिंग चुकून माझ्याच पिशवीत आलंय. रविवारी आणून देते.

तुमची,
शाळेतल्या इतिहासाच्या बाई