बाबूस, गुडघ्याच्या गोळीवरून

प्रिय बाबू,

काल फोन कट केलास ते बरंच केलंस, नाहीतर माझं तोंड आणखी सुटलं असतं. रूममेटने गुडघ्यासाठी गोळी दिली एवढंच तू म्हणालास, मी पाकिटाचा फोटो मागितला, त्यात ट्रामाडॉल दिसलं आणि माझा आवाज चढला. "तुम्ही फार्मासिस्ट आहात, डॉक्टर नाही" म्हणालास, ते खरंच आहे. पण फोंड्याच्या काउंटरवर ज्याचं आयुष्य गेलं त्याला तुझ्या नैराश्याच्या गोळीच्या, एस्सिटॅलोप्रॅमच्या जोडीला ट्रामाडॉल दिसलं की झोप कशी लागणार रे.

तुझी ती १० मिलिग्रॅमची गोळी मेंदूतलं सिरोटोनिन नावाचं रसायन टिकवून धरते. ट्रामाडॉल नुसतं दुखणं मारत नाही, तेही सिरोटोनिन वाढवतं, वर फिट येण्याचा धोका वेगळाच. दोन्ही घेऊन पुष्कळांना काही होत नाही, पण एखाद्याला दरदरून घाम, हातपाय थरथरणं, जुलाब, ताप, डोक्यात गोंधळ, आणि हे बहुतेक वेळा २४ तासांच्या आतच सुरू होतं. तसं काही वाटलं तर मला फोन करत बसू नको, सरळ कॅज्युअल्टीत जा आणि दोन्ही पाकिटं पुढे ठेव. आणि घाबरून तुझी रोजची गोळी आपल्या मनाने बंद करू नको, ते अचानक सोडलं की चक्कर, चिडचिड सुरू होते.

झालं परत लेक्चर. सॉरी.

खरं तर मला दुसरंच लिहायचं होतं. तू स्वतःहून सायकियाट्रिस्टकडे गेलास याचा मला अभिमान वाटला, फोनवर ते राहूनच गेलं. आपल्या वाड्यावर एके काळी कोणाला बांबोळीच्या मनोरुग्णालयात नेलं की शेजारी महिनाभर कुजबुजत. सुमनआत्याच्या वेळचं तुला आठवत नसेल, तू लहान होतास. तिचं ऑपरेशन झाल्यावर टॅमॉक्सिफेन, म्हणजे स्तनाच्या कॅन्सरची गोळी, चालू होतं आणि ती जेवेचना, बोलेचना. डॉक्टरांनी आधी तिची सगळी औषधं टेबलावर मांडायला लावली, मग नैराश्याच्या गोळ्यांपैकी पॅरोक्सेटिन, फ्लुओक्सेटिन दोन्ही बाजूला ठेवून व्हेनलाफॅक्सिन दिलं, कारण त्या दोन गोळ्यांमुळे लिव्हरमध्ये टॅमॉक्सिफेनचं कामाचं औषध नीट तयार होत नाही. मी बाजूला उभा राहून ऐकत होतो. पुढच्या चवथीला तिने एकटीने गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधली, तुझ्या आईलासुद्धा हात लावू दिला नाही.

तर सांगायचं ते हेच, की नैराश्याची गोळी निवडताना आधी बाकी काय चालू आहे ते बघतात, आणि नंतर नवीन काही घेतानाही तेच बघायचं असतं. गुडघ्यासाठी ऑर्थोकडे गेलास तर तोंड उघडून सांग. साधी पॅरासिटामॉल चालते, आयबुप्रोफेन मात्र विचारल्याशिवाय नको, या गोळीबरोबर पोटात रक्तस्राव व्हायची शक्यता वाढते. खोकल्याच्या सिरपवर डेक्स्ट्रोमेथॉर्फन लिहिलंय का बघ, तेही सिरोटोनिन वाढवतं. लिनेझोलिड नावाचं एक अँटिबायोटिक आहे, त्याचा तर कोणाला संशयसुद्धा येत नाही, तेही याच पंगतीतलं. ऑनलाइन मिळणारं सेंट जॉन्स वर्ट "हर्बल आहे" म्हणून कोणी देईल, घेऊ नको. आणि चवथीला दादा फेणीचा ग्लास पुढे करेल, त्याला नाही म्हण, कारण देत बसायची गरज नाही.

पण हे सगळं नंतरचं, आधी ते ट्रामाडॉल. २०१८ पासून ते एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, चिठ्ठीशिवाय कोणी देत नाही, मग तुझ्या रूममेटकडे आलं कुठून? भांडायला विचारत नाही हां. म्हापशाला धुळेरच्या मैदानावरच्या चिखलात सुजलेला गुडघा घेऊन तू फुल टाइम खेळला होतास, दुखणं लपवायची तुझी सवय मला माहीत आहे, म्हणून भीती वाटते.

तुझ्या रोजच्या गोळीचा तिसरा आठवडा चालू आहे ना? लगेच फरक नाही पडला तर धीर सोडू नको, तेवढा वेळ लागतोच. पण मनात काही भलतंसलतं यायला लागलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी मला उठव, तुझ्या वयात सुरुवातीला तसं होऊ शकतं.

आईला मी फक्त गुडघ्याचंच सांगितलंय. बाकीचं तू तुझ्या वेळेला सांग, तिला अंदाज आलाय असं मला वाटतं.

त्या पाकिटातल्या किती गोळ्या उरल्यात आणि शेवटची कधी घेतलीस, तेवढं आजच कळव.

बाबा