काका, त्या कोऱ्या कागदासाठी

काका,

नाव टाकू नका म्हणालात म्हणून टाकत नाहीये. पण फोनवर थँक्यू म्हणायला गेलं की तुम्ही "बरं बरं, चहाला या" म्हणून फोन ठेवता, त्यामुळे आता सगळ्यांसमोर लिहिते, म्हणजे मधेच ठेवता येणार नाही.

परवा रात्री नवीन सहावं प्रकरण लिहून संपलं. दीड वाजला होता, घरातले झोपलेले, आणि मी ओट्याशी उभी राहून रडले. चार वर्षं लिहितेय मी ही कादंबरी. पावणेपाचला उठायचं, साडेसहापर्यंत लिहायचं, मग डबे, मग भोसरीची बस, बसमध्ये काही सुचलं तर फोनवर हळू आवाजात बोलून ठेवायचं. शेजारच्या बायका बघतात, कारण मी "मग तो तिचा गळा सोडतो" असलं काहीतरी पुटपुटत असते. कपाटाच्या दाराला आतून तक्ता चिकटवलाय, कोण किती वाजता कुठे होतं त्याचा. रहस्यकथेत खुनी कोण ते मला पहिल्या दिवसापासून माहीत असतं आणि तिथून उलटं मागे यावं लागतं, प्रत्येक धागा वाचकासमोर आधीच ठेवलेला पाहिजे पण त्याच्या लक्षात येता कामा नये. हे काम आहे काका, खरंच काम आहे, आणि ते काम आहे असं तुमच्याआधी कोणी मानलंच नाही.

एका प्रकाशकाकडे हस्तलिखित चौदा महिने पडून होतं. चौदा महिन्यांनी मीच गेले तर म्हणाले, रहस्यकथा म्हणजे टाइमपास, तुम्ही काही कौटुंबिक लिहा. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या त्या मराठीतच ना? माझे आजोबा त्यांच्या झुंजारच्या गोष्टी रात्री कंदिलात वाचायचे म्हणे. दुसऱ्या एकांनी दोनशे प्रती तुम्हीच विकत घ्या म्हणून सांगितलं, पहिलं पानही न उघडता. आणि पोलीस तपासाचे चार प्रश्न विचारावेत म्हणून एका चौकीत गेले तर दोन तास बाकावर बसवून "मॅडम, उद्या या". उद्या गेले, परत तेच. मी कोणाची नावं घेत नाहीये, पण लागलं ते लागलं.

आणि तुम्ही. लायब्ररीत पेपर वाचता वाचता मी कोणाशी तरी बोलत होते ते ऐकलंत आणि "द्या इकडे, बघतो" एवढंच म्हणालात. ३४० पानं. एकोणीस दिवसांनी परत आली ती खाकी कव्हर घालून, सुतळी बांधून. आत पेन्सिलीने बारीक अक्षरात खुणा, एकही पान खराब केलेलं नाही.

माझ्या कादंबरीतलं प्रेत सापडतं २६ जुलै २०२४ च्या सकाळी, भिडे पुलाजवळ नदीपात्रातल्या रस्त्यावर उभ्या गाडीत. तुम्ही समासात लिहिलंत, "आदल्या दिवशी खडकवासल्यातून पाणी सोडलेले. एकतानगरीत घरांत पाणी. गाडी इथे राहील का?" मी पुण्यातच असून, तो पूर टीव्हीवर बघूनसुद्धा, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पुढच्या पानावर "कलम ३०२ नाही, १ जुलैपासून न्याय संहिता, आता १०३". मग मी तारीख मे महिन्यात नेली, तर जुन्या कायद्यातलं ३०२ परत आलं, पण मेच्या उन्हात बंद गाडीत शरीर लवकर ताठरतं आणि लवकर सैल पडतं, त्यामुळे मृत्यूच्या वेळेचा माझा सगळा हिशोब गेला आणि त्यावर उभी असलेली भावाची अ‍ॅलिबी, म्हणजे तो तेव्हा दुसरीकडे होता हा पुरावा, तीसुद्धा गेली. एक तारीख हलवली की कपाटावरचा अख्खा तक्ता हलतो. तीन महिने गेले त्यात, पण आता तो तक्ता पक्का आहे.

तरी आभार मानायचेत ते यासाठी नाहीत.

पान ४७. मुलगी सापडते, पंचनामा होतो, पंचांच्या सह्या होतात, आणि पान ४८ वर माझा इन्स्पेक्टर थेट सीसीटीव्ही बघायला बसतो. तिथे मधे तुम्ही तुमच्या वहीतला एक आखीव कागद घातला होतात. पूर्ण कोरा. वर फक्त वेळ, "सकाळी ९.१०", आणि खाली पेन्सिलीने, "हिच्या आईला कोण सांगतंय?"

मी किती वेळ तो कागद हातात धरून बसले होते मलाच माहीत नाही. चार वर्षं मी त्या पोरीला मारत होते काका, कसं मारायचं, कधी, कशाने, आणि तिला आई आहे हे मी एकदाही लिहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी विचारलं तेव्हा तुम्ही सांगितलंत. पोलिसातल्या तेहतीस वर्षांच्या नोकरीत किती घरांची दारं वाजवलीत ते मोजलं नाही म्हणालात. सोबत लेडीज न्यायची. दारात उभं राहून सांगायचं नाही, आत जायचं, आपणच पाणी मागायचं, म्हणजे घरातलं माणूस हालतं, आणि पाणी आलं की ते आपण न पिता त्यांच्यासमोर ठेवायचं. बॉडी म्हणायचं नाही, नाव घ्यायचं, पूर्ण नाव. आणि सांगून झाल्यावर लगेच उठायचं नाही. हे तुम्हाला कोणत्याही ट्रेनिंगमध्ये शिकवलं नव्हतं म्हणालात, एका जुन्या जमादाराचं बघून शिकलात.

तुम्ही ते प्रकरण मला लिहूनही देऊ शकला असतात, तुमच्याकडे सगळं होतं. पण कागद कोरा ठेवलात आणि वेळ तेवढी घालून दिलीत. तुमच्यासारखी माणसं असतात म्हणून बाकीचं सहन होतं. एवढ्या वर्षांच्या ड्युटीनंतरही तुम्हाला एका खोट्या मुलीच्या खोट्या आईची काळजी वाटली, आणि मोठ्या मोठ्या खुर्च्यांवर बसलेल्यांना समोर उभ्या असलेल्या खऱ्या बाईला बसा म्हणावंसं वाटलं नाही. चांगुलपणा शिक्षणाने येतो की वयाने येतो मला माहीत नाही, पण ज्याच्यात असतो त्याच्या हातची पेन्सिलसुद्धा हळू चालते, हे मी त्या ३४० पानांवर बघितलंय.

नवीन सहावं प्रकरण अकरा पानांचं झालंय. सकाळी ९.१० ला सुरू होतं. एक हवालदार आणि एक लेडीज कॉन्स्टेबल तीन मजले चढून जातात, आणि तो हवालदार पाणी मागतो. त्याला मी बक्कल नंबर दिलाय पण नाव दिलेलं नाही, ते तुम्ही सांगाल ते ठेवू.

पान ३३१ वरचं तुमचं प्रश्नचिन्ह मात्र अजून तसंच आहे. पोलिसांसमोरची कबुली कोर्टात चालत नाही, त्यातून एखादी वस्तू सापडली तरच तेवढा भाग धरतात, हे कळलं, पण माझ्या खुन्याने काय लपवलंय आणि कुठे, ते मला अजून सापडत नाहीये. रविवारी अकराला येते, तक्ता सोबत आणते. काकूंना सांगा, पोहे मी करून आणतेय.

तुमची,
लायब्ररीतली ताई