विशीतल्या पोराला ‘वय गेलं’ म्हणायची घाई कशाला?

मा. संपादक, स.न.वि.वि.

जुळे सोलापुरात आमचा पहाटे मोबाईलवर एनबीए (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) बघणाऱ्यांचा ग्रुप आहे आणि तिथे कायम एकच वाद, अमका 23 चा झाला तरी बेंचवरून येऊन पाच-सहाच पॉइंट करतो, म्हणजे संपला. मला हे अजिबात पटत नाही म्हणून लिहितोय.

स्टार आणि रोल प्लेअरला (टीममध्ये ठराविक एखादं काम करणाऱ्याला) एकच माप कसं लावता? यानिस अँटेटोकुंपो 2013 ला 18 व्या वर्षी मिलवॉकीच्या टीमत आला, पहिल्या सीझनला सरासरी 6.8 पॉइंट, पण उंची आणि पळणं बघून लोक थांबले आणि 2019 ला तो एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू) झाला. तेच 6.8 पॉइंट चार वर्षं कॉलेज खेळून आलेल्या 22-23 च्या पोराने केले तर त्याच्याकडून एमव्हीपीची आशा धरू नका, मान्य आहे. पण मग त्याला वेगळं विचारा ना, समोरच्याचा मेन स्कोअरर अडवतोस का, कोपऱ्यातून थ्री (लांबून तीन पॉइंटचा शॉट) घालतोस का, डिफेन्समध्ये जोडीदाराच्या हेल्पला वेळेत पोचतोस का. हे उडी मारून येत नाही, अंगवळणी पडावं लागतं आणि त्याला वर्षं जातात.

आता पी. जे. टकर घ्या. 2006 च्या ड्राफ्टमध्ये (तिथे टीम पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात) 35 वा पिक, टोरांटोने जेमतेम 17 मॅच खेळवल्या आणि सोडलं, मग इस्राएल, ग्रीस, जर्मनी असं फिरून 2012 ला फिनिक्समध्ये परत आला तेव्हा वय 27. कॉलेजात रिंगजवळ पॉइंट करणारा माणूस, पण पुढे टिकला तो डिफेन्स आणि कोपऱ्यातल्या थ्रीवर, आणि 2021 ला 36 व्या वर्षी मिलवॉकीकडून चॅम्पियन झाला. ब्रूस बोवेनला तर ड्राफ्टमध्ये कुणी घेतलंच नव्हतं, सॅन अँटोनियोत गेला तेव्हा तिशी गाठलेली, त्यानंतर तीन टायटल.

टीमचीही अडचण असते म्हणा. ड्राफ्टच्या पहिल्या राउंडमध्ये घेतलेल्या पोराच्या कराराची दोनच वर्षं पक्की असतात, तिसरं-चौथं ठेवायचं की नाही ते टीम ठरवते, म्हणजे 19 ला आलेल्याचा निकाल विशी-एकविशीतच लागतो.

हे सगळं लिहायचं कारण आमच्या ग्राउंडवरचा एक पोरगा. वय 20, एमआयडीसीत नाईट शिफ्ट करून सकाळी सहाला थेट सिमेंटच्या कोर्टवर येतो, बुटाच्या सोलला चिकटपट्टी, बॉलची ग्रिप पार गेलेली, आणि डाव्या कोपऱ्यातून शंभर शॉट मारल्याशिवाय घरी जात नाही. मागच्या वर्षी एका सिलेक्शनला त्याला पाच मिनिटं खेळवलं आणि ‘वय गेलं तुझं’ म्हणून परत पाठवलं. त्या पाच मिनिटांत त्याने समोरच्याला एक बास्केट करू दिली नव्हती, ते कुणी लिहूनच घेतलं नाही हो!

अंडर-19 संपलं की आपल्याकडे पोरांना खेळायला काय राहतं? सोलापुरात 19 ते 25 वयासाठी एक छोटी लीग सुरू करा, चार टीम असल्या तरी चालेल, मॅचला टेबलवर बसून स्कोअर लिहायला मी येतो.

आपला,
एक बास्केटबॉलवेडा वाचक, जुळे सोलापूर