हॉर्सपॉवर छापता तसे मायक्रॉनही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत एका मुलाने घरच्या गॅरेजमध्ये हाय परफॉर्मन्स इंजिन बनवल्याचा पानभर लेख आला तो वाचला. पोरं मोबाईल बाजूला ठेवून हात काळे करतायत याचा आनंदच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार ही की अख्ख्या लेखात फोर्ज्ड पिस्टन, मोठा टर्बो, रेसिंग कॅम आणि हॉर्सपॉवर एवढंच आहे, मायक्रोमीटर, म्हणजे मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरचा हजारावा भाग) मोजायचं हत्यार, हा शब्द औषधालाही नाही. मी मशीन शॉपमध्ये बोरिंग-होनिंगची (सिलिंडरचं भोक, म्हणजे बोअर, कापून आणि दगडाने घासून मापात आणायची) कामं करतो, त्यामुळे असे लेख वाचून लोक काय काय घेऊन येतात ते मला निस्तरावं लागतं.

आधी त्या फोटोबद्दल. पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या चारही कनेक्टिंग रॉडच्या कॅपा (खालचा, बोल्टने सुटणारा अर्धा तुकडा) एका ट्रेमध्ये ढीग करून टाकल्यात आणि तोच फोटो तुम्ही सगळ्यात मोठा छापलाय. अहो, रॉड आणि त्याची कॅप ही जोडी असते, दोन्ही एकत्र आवळून मग आतलं भोक मशीन करतात, एकाची कॅप दुसऱ्याला लावली किंवा तीच कॅप उलटी फिरवून बसवली की भोक गोल राहत नाही आणि बेअरिंग गेलंच समजा. हल्लीचे बरेच रॉड तर कारखान्यातच मुद्दाम तोडून दोन केलेले असतात, ती तुटलेली बाजू आपल्याच जोडीदारात नीट बसते, दुसऱ्यात नाही. म्हणून खोलतानाच नंबर बघायचे, नसतील तर खुणा करायच्या आणि मगच बोल्टला हात लावायचा.

आता पॉवरचं. टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये घ्या, आरपीएमने गुणा, ९५४९ ने भागा, किलोवॅट मिळतात. २०० न्यूटन-मीटर ६००० आरपीएमला म्हणजे साधारण १२६ किलोवॅट, तेवढाच टॉर्क ८००० ला टिकवला तर १६७ च्या पुढे, म्हणून सगळ्यांना आरपीएम वाढवायचे असतात. पण आरपीएम ६००० चे ८००० केले की पिस्टनला झटका बसतो तो पावणेदोन पटीहून जास्त, कारण तो वर्गाने वाढतो. ८६ मिलिमीटर स्ट्रोकच्या इंजिनात ८००० ला पिस्टन वरच्या टोकाला थांबून परत फिरतो तेव्हा त्याच्यावर गुरुत्वाकर्षणाच्या जवळपास ४००० पट ओढ असते, म्हणजे ४०० ग्रॅमचा पिस्टन रॉडच्या बोल्टला दीड टनाहून जास्त वजनासारखा लोंबकळतो, तेही सेकंदाला १३३ वेळा! लेखात रॉड बोल्टवर एक ओळ नाही, कॅमच्या आवाजावर मात्र आख्खा परिच्छेद आहे. कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते) १० चं १२ केल्याचंही मोठं कौतुक आहे, पण पुस्तकी हिशोबातसुद्धा त्याने कार्यक्षमता साडेचार टक्क्यांच्या आसपासच वाढते, आणि बदल्यात नॉकिंग (इंधन आपोआप भडकून बसणारा ठोका) जवळ येतं ते वेगळंच.

खरं काम मोजमापाचं आहे आणि ते घरी होतं, त्याला टर्बो लागत नाही. क्रँकचा जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) ५० मिलिमीटरचा असेल तर बेअरिंगमधला गॅप साधारण ५० मायक्रॉन, म्हणजे तेलाच्या थराला केसाएवढीसुद्धा जागा नाही. हा मोजायला मायक्रोमीटर आणि बोअर गेज लागतं, नसेल तर प्लास्टिगेजची बारीक वात जर्नलवर ठेवून कॅप पूर्ण टॉर्कला आवळायची, क्रँक अजिबात फिरवायचा नाही, परत खोलून चपटी झालेली वात पाकिटावरच्या पट्टीशी जुळवायची. बोअर गेजइतकं अचूक नाही पण काहीच न मोजण्यापेक्षा हजारपट बरं. तापमान पण सांभाळायचं. ८६ मिलिमीटरचा अॅल्युमिनियमचा पिस्टन १० अंश तापला तर २० मायक्रॉन फुगतो, आणि फोर्ज्ड पिस्टनला बोअरमध्ये मोकळीक असते शंभरेक मायक्रॉनच्या आतबाहेर, म्हणजे उन्हातून आणलेला पिस्टन मोजला तर पाचवा हिस्सा तिथेच चुकला. ब्लॉक, पिस्टन आणि मोजायची हत्यारं रात्रभर एकाच खोलीत राहू द्या आणि सकाळी मोजा.

पिस्टनभोवतीच्या, गॅस अडवणाऱ्या रिंगांचं तर बोलायलाच नको. लेखात लिहिलंय नवीन रिंग सेट बसवला, झालं. अलीकडेच एक गृहस्थ ब्लॉक घेऊन आले, टर्बो लावलेला, रिंगा पाकिटातून काढून तशाच घातलेल्या, आणि एका पिस्टनच्या वरच्या रिंगेखालची पट्टी तुटून बोअरमध्ये खोल चरे पाडलेले. सगळं खोलून ठेवलं तर रिंगेची दोन्ही टोकं आरशासारखी चकचकीत होती, म्हणजे ती गरम होऊन एकमेकांना भिडली, पुढे जायला जागा नाही, रिंग बोअरमध्ये जाम झाली आणि पिस्टनची पट्टीच उखडली. ८६ च्या बोअरला साध्या इंजिनात टोकांमध्ये साधारण ०.३५ मिलिमीटर गॅप ठेवतात, टर्बोला ०.५ च्या आसपास, नक्की आकडा रिंग बनवणाऱ्याच्या कागदावर असतो. रिंग त्याच सिलिंडरमध्ये ठेवायची, पिस्टन उलटा धरून तिला सरळ ढकलायची, फिलर गेज घालून बघायचं, कमी असेल तर बाहेरच्या कडेकडून आत अशी हळूहळू घासायची म्हणजे कोटिंग उडत नाही. कंटाळवाणं काम आहे, मान्य. त्याचा फोटोही चांगला येणार नाही.

धुण्याचं काम तर लोकांना कमीपणाचं वाटतं. होनिंग केल्यावर बोअरच्या त्या बारीक तिरक्या रेघांमध्ये दगडाची भुकटी अडकते, ती नुसत्या पेट्रोल-रॉकेलने निघत नाही, गरम पाणी, साबण आणि ब्रश, मग लगेच कोरडं करून तेल लावायचं, पांढरं फडकं फिरवून काळं होतंय का बघायचं, होत असेल तर परत पहिल्यापासून. तेलाच्या गॅलरीचे (ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटांचे) प्लग काढून आतून लांब ब्रश फिरवायचा. तिथे राहिलेला कण पहिल्या मिनिटातच नव्या बेअरिंगच्या मुळावर येतो.

आणि सगळंच घरी होतं असा जो सूर लेखात लागलाय तोही बरोबर नाही. बोरिंग, टॉर्क प्लेट लावून होनिंग, क्रँकचं बॅलन्सिंग ही कामं मशीन शॉपचीच. टॉर्क प्लेट म्हणजे हेडच्या जागी लावायची जाड पट्टी, कारण हेड आवळलं की बोअर किंचित वाकडा होतो, मग तो वाकडा असतानाच गोल करायचा. (माझा धंदा आहे म्हणून सांगतो असं वाटेल, वाटू दे.) जुळवणी, मोजमाप, क्रँकला डिग्री व्हील (अंश कोरलेली चकती) लावून व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमचं टायमिंग तपासणं, पिस्टन आणि व्हॉल्व्हमध्ये जागा किती उरते ते मातीचा गोळा ठेवून बघणं, हे सगळं घरी आरामात होतं आणि मजा खरी त्यातच आहे.

आता दोन गोष्टींची दुरुस्ती छापाच. हेडचे जुनेच बोल्ट साफ करून पूर्ण ताकदीने आवळले असं लेखात आहे. आजकालच्या बऱ्याच इंजिनात हे बोल्ट आधी ठरलेल्या टॉर्कला आणि मग ठरावीक अंशात फिरवून ताणायचे असतात, एकदा ताणले की ते कायमचे लांबतात, म्हणून कंपनीच्या मॅन्युअलमध्ये एकदाच वापरा असं लिहिलेलं असेल तर नवीनच घ्यायचे. वर त्या टॉर्कचा जेमतेम दहावा हिस्सा हेड दाबून धरायला कामी येतो, बाकीचा घर्षणातच जातो, आट्यांना कोणतं तेल लावायचं हेही मॅन्युअल सांगतं ते त्यासाठी, कोरड्या आणि तेल लावलेल्या बोल्टचा दाब सारखा येत नाही.

दुसरं, नवीन इंजिन पहिल्यांदा चालू करून बराच वेळ आयडलवर ठेवलं हे वाक्य. स्पार्क प्लग काढून, इग्निशन आणि इंजेक्टर बंद ठेवून स्टार्टरने फिरवा, ऑइल प्रेशर दिसू द्या, मग चालू करा, गळती नाही ना बघा आणि लवकरात लवकर लोडवर घ्या, कारण रिंगा गॅसच्या दाबानेच बोअरला घासून बसतात, नुसत्या आयडलवर बोअर गुळगुळीत होऊन पुढे तेल खात राहतो. हे वाचून कोणीतरी तसंच करणार आणि मग रिंगा डुप्लिकेट होत्या म्हणून आमच्याशी भांडणार.

पुढचा भाग येणार आहे असं लेखाखाली छापलंय. त्यात त्या मुलाने घेतलेल्या मापांची वही छापता आली तर बघा, प्रत्येक जर्नल, प्रत्येक बोअर तीन उंचीवर आणि दोन दिशांनी, रिंगांचे गॅप, सगळे आकडे. वही नसेल तर इंजिन चालू करायच्या आधी त्याला खोलायला सांगा, निदान त्या कॅपांचे नंबर तरी जुळतात का ते बघेल.

आपला,
एक मशीनवाला वाचक