आई-बाबा, ऑक्टोबरमध्ये आलात की इझाकायात जेवायला जायचंय

प्रिय आई, प्रिय बाबा,

फोनवर नीट बोलणं होत नाही, मधेच आवाज जातो आणि मग महत्त्वाचं तेच राहून जातं, म्हणून लिहून पाठवतेय. दादाला प्रिंट काढून द्यायला सांगितलंय, चष्मा लावून सावकाश वाचा.

रविवारी मी इझाकायाचं म्हटलं, म्हणजे इथे जपानमध्ये बसून खायच्या-प्यायच्या छोट्या हॉटेलाचं, तेव्हा आईने पहिला प्रश्न विचारला की तिथं दारू मिळते ना गं, आणि बाबा तुम्ही काहीच बोलला नाहीत. हो, मिळते. बीअर असते, साके म्हणजे तांदळाची दारू असते, लोक ऑफिस सुटलं की येतात आणि बसल्या बसल्या पहिली बीअरच सांगतात. पण आपल्याकडे परमिट रूम म्हटलं की जे डोळ्यापुढे येतं, काळ्या काचा, अंधार, बायकामुलांनी पाऊल टाकू नये अशी जागा, तसं हे नाही. माझ्या घराजवळ जे आहे, एक काका-काकू चालवतात ते, तिथे आजी-आजोबा नातवंडांना घेऊन जेवायला येतात. 20 वर्षांखालच्याला दारू द्यायची नाही असा इथे कायदाच आहे, पोरं ज्यूस पितात आणि भाताचे गोळे खातात. मी बहुतेक वेळा ऊलाँग चहा घेते, थंड, बिनसाखरेचा, कोणी आग्रह करत नाही. कधीतरी एक ग्लास उमेशू घेते, उमे नावाच्या आंबट फळाची गोडसर दारू असते ती. हे आत्ताच सांगते कारण तिथल्या काकू तुमच्यासमोर मला विचारणारच, आणि तुम्हाला ते माझ्याकडूनच आधी कळावं असं मला वाटतं.

बाबा, तुम्हाला इतिहास आवडतो म्हणून सांगते. टोकियोला एदो म्हणायचे तेव्हा साकेची दुकानं होती, लोक मापाने साके विकत घ्यायचे, मग तिथेच उभं राहून प्यायला लागले, मग दुकानदार सोबत काहीतरी खायला द्यायला लागला, असं होत होत हे सुरू झालं. तोशिमाया नावाचं एक दुकान 1596 चं आहे, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही आधीचं! ते साकेसोबत मिसो (सोयाबीन आंबवून केलेली खारट चटणी) लावून भाजलेला टोफू, म्हणजे सोयाबीनचं पनीर, स्वस्तात द्यायचे आणि लोकांची झुंबड उडायची. शिंजुकूला स्टेशनच्या कडेला एक गल्ली आहे, ओमोइदे योकोचो, महायुद्धानंतरच्या काळ्या बाजारातून उभी राहिलेली, इतकी अरुंद की समोरून माणूस आला तर अंग चोरावं लागतं. ती तुम्हाला बाहेरून दाखवीन, आईला तिथे जेवायला नेणार नाही, धूर फार असतो आणि सगळं मांसाचंच.

आई, आता तुझं. तू माळकरी आहेस आणि मला यात कुठलीही तडजोड नकोय, म्हणून मी सगळं खोदून विचारून ठेवलंय. इथे अडचण अशी आहे की दिसायला शाकाहारी असलं तरी आत मासा असतो, कारण बहुतेक पदार्थांत दाशी नावाचं पाणी घालतात आणि ते सुकवलेल्या बोनितो माशाचं असतं. साध्या थंड टोफूवरसुद्धा त्याचे कीस भुरभुरतात, आणि भाजताना लावायच्या गोड सॉसमध्ये मिरिन असते, तीही दारूच. तळण सगळं एकाच तेलात. मी काकूंना व्हेजिटेरियन म्हणून सांगून बघितलं तर त्या म्हणाल्या मग मासा चालेल ना. शेवटी शोजिन म्हटलं, म्हणजे बौद्ध मठातलं जेवण, ज्यात मांसमासे काहीच नसतं, आणि त्यांना लगेच कळलं. दारूचा थेंबही नको हे वेगळं सांगितलं. म्हणाल्या तुझ्या आईसाठी मी कोंबूचं पाणी करीन, कोंबू म्हणजे समुद्रातली वनस्पती, आणि कढई घरची आणीन. अगं, मला रडूच आलं. तर तुला मिळेल वाफवलेल्या हिरव्या सोयाबीनच्या शेंगा, वर नुसतं मीठ, टोफू आलं आणि सोया सॉस घालून, काकडी, टोमॅटो, वेगळ्या कढईत परतलेलं वांगं आणि शिशितो मिरच्या (तिखट नसतात, पण एखादी निघते फसवी) आणि शेवटी मिठाचा भात वळून. तुझी मेतकुटाची पुडी आण हवी तर, काकूंना पण चव दे.

बाबांचं काम सोपं आहे. ऑक्टोबर म्हणजे सान्मा मासा, लांबडा, चांदीसारखा, अख्खा मीठ लावून भाजतात आणि सोबत किसलेला मुळा देतात. काटे बारीक असतात पण तुम्हाला काय काटे नवीन नाहीत. आणि याकितोरी, कोंबडीचे तुकडे बांबूच्या काडीला लावून निखाऱ्यावर भाजलेले, मीठ की सॉस ते आधी विचारतात, तुम्ही मीठ सांगा. चांगल्या ठिकाणी कोळसा वाकायामाचा वापरतात, ओकच्या जातीच्या झाडाचा, धूर कमी आणि आच कडक. तुम्ही काउंटरवर बसायचं, कारण तिथे मालक समोर भाजतात आणि काडी थेट तुमच्या ताटलीत येते, आई चुलीवरून भाकरी उतरवून तुमच्या ताटात टाकायची ना, अगदी तसंच. आईचे गुडघे बघता जमिनीवरची बैठक नको, कोपऱ्यात काउंटरच्या उंच खुर्च्या सोडून एक साधं टेबल आहे ते मागून ठेवीन, पाहिजे तर बाबा नंतर तिथे या. सिगरेटचा वास तुम्हाला सहन होत नाही ते लक्षात आहे, 2020 च्या कायद्यानंतर बऱ्याच ठिकाणी बंद झालीय आणि इथे तर पूर्ण बंद.

काही गोष्टी आधीच सांगते. बसल्यावर ओला टॉवेल देतात, तो हात पुसायला. न मागता एक छोटी वाटी येते, ओतोशी, तिचे साधारण 300 ते 500 येन बिलात लागतात, बाबा यावरून वाद घालायचा नाही, ती बसायची रीतच आहे. टिप ठेवायची नाही, ठेवलीत तर काका रस्त्यापर्यंत धावत परत द्यायला येतील. आणि चॉपस्टिक भातात उभ्या खोचायच्या नाहीत, तसा भात इथे मेलेल्या माणसासमोर ठेवतात, आणि एकमेकांच्या काडीतून काडीत घास द्यायचा नाही, कारण अस्थी वेचताना तसं करतात.

एवढं सगळं का, तर पहिल्या हिवाळ्यात मी फार एकटी होते, तुम्हाला फोनवर सांगितलं नव्हतं. ऑफिसातले एक सीनियर, दिवसभर कामाशिवाय शब्द बोलत नसत, त्यांनी टीमला तिथे नेलं आणि दुसऱ्या ग्लासनंतर गावाकडच्या आपल्या म्हाताऱ्या आईबद्दल बोलायला लागले, दर महिन्याला जाता येत नाही म्हणाले, आणि मी माझं सांगितलं. इथे ऑफिसात लोक मनातलं बोलत नाहीत, ते बोलणं इझाकायातल्या टेबलावर होतं. नंतर मी एकटीच जायला लागले. काउंटरवर एकटं जेवणाऱ्याकडे कोणी टकमक बघत नाही. एकदा ताप होता आणि दोन आठवडे गेले नाही तर पुढच्या वेळी काकूंनी दारातच विचारलं, कुठे होतीस, जेवत होतीस ना. तुझाच प्रश्न होता आई तो.

म्हणून मला तुम्हाला त्या दोघांना भेटवायचंय. काका सत्तरीचे आहेत, बाबांपेक्षा थोडे मोठे, त्यांना सारखं विचारायचं असतं की तुझे वडील काय करतात. मी भाषांतर करीन, तुम्ही दोघं बोला.

बाबा, तुमची बीपीची गोळी रात्री जेवणाआधी की नंतर ते कळवा, त्याप्रमाणे टेबल सहाला की सातला ते सांगते. आणि काकूंसाठी काय आणायचं ते आईने ठरवावं, साडी नको, त्यांना नेसता येणार नाही, आपल्याकडची चादर चालेल.

तुमची,
मनू