हॉस्पिटलवरच्या त्या शिखराची गोष्ट

प्रिय आई आणि बाबा,

सा. न. वि. वि.

बाबा, मागच्या रविवारी फोटो बघून तुम्ही विचारलंत ना, की इथल्या आयोवा सिटीतल्या हॉस्पिटलच्या डोक्यावर हे चर्चसारखं शिखर कशाला, आणि मी तेव्हा गडबडीत "जुनं आहे, असंच आहे" म्हणून फोन ठेवला. मग माझ्याच डोक्यात ते राहिलं. रोज त्याच्या खालून लॅबला जाते आणि माहिती शून्य. म्हणून जरा वाचून काढलं, आणि आता एवढं झालंय की फोनवर सांगत बसले तर आई मध्येच "जेवलीस का" म्हणून विषय बदलेल, तेव्हा लिहूनच पाठवते. (जेवले गं. आमटी-भात.)

तर हा टॉवर १९२८ चा. आयोवा युनिव्हर्सिटीचं जनरल हॉस्पिटल त्या वर्षी नदीच्या पश्चिमेला उघडलं, त्याचा हा मधला भाग. तेव्हा इथे कॉलेजं, युनिव्हर्सिट्या गॉथिक पद्धतीने बांधायची फॅशनच होती, ऑक्सफर्ड-केंब्रिजसारखं दिसावं म्हणून. म्हणजे धर्माचा काही संबंध नाही, तो विद्यापीठाचा रुबाब. त्याआधी १८९८ चं हॉस्पिटल नदीच्या पूर्वेला होतं, नंतर तिथे बरीच वर्षं सायकॉलॉजीवाले बसायचे, ती बिल्डिंग हल्लीच पाडली.

पण खरी गंमत टॉवरच्या आधीची आहे. १९०९ मध्ये अब्राहम फ्लेक्सनर नावाचे गृहस्थ अमेरिकेतली सगळी मेडिकल कॉलेजं तपासत फिरत होते आणि १९१० मध्ये त्यांचा जो रिपोर्ट आला त्याने निम्मी कॉलेजं हादरली. आयोवालाही त्यांनी सोडलं नाही. काही विभागप्रमुख गावात राहतच नव्हते, लांबच्या शहरातून यायचे, शिकवायचे आणि परत जायचे. आणि मुख्य दुखणं असं की आयोवा सिटी म्हणजे जेमतेम दहा हजारांचं गाव, विद्यार्थ्यांना शिकायला पेशंट आणायचे कुठून?

आता बघा, आपण मिरजेचे असल्यामुळे हा प्रश्न आपल्याला लगेच कळतो. छोट्या गावात मोठं हॉस्पिटल चालतं ते बाहेरगावच्या पेशंटवर. वानलेस डॉक्टरांनी १८९४ मध्ये मिरजेत हॉस्पिटल काढलं तेव्हा लोक रेल्वेने, बैलगाडीने लांबलांबून यायचेच की. आयोवाने तेच केलं, फक्त कायदा करून. १९१५ ला पर्किन्स कायदा आला, गरीब घरच्या आजारी किंवा अपंग मुलांवर सरकारी खर्चाने उपचार, आणि १९१९ ला हॅस्केल-क्लाउस कायद्याने तीच सोय मोठ्या माणसांनाही. जिल्ह्याच्या कोर्टातून ऑर्डर निघायची, म्हणजे डॉक्टर तपासून लिहून देणार, जज सही करणार, मग पेशंट आयोवा सिटीला. ९९ काउंट्या (म्हणजे जिल्हेच) आहेत या राज्यात, सगळीकडून माणसं यायला लागली. गरिबांना उपचार, पोरांना शिक्षण. मला वाटतं टॉवरचा खरा पाया हा आहे, दगडविटा नंतर. अर्थात त्यात एक बोचणारी गोष्ट आहेच, की शिकाऊ डॉक्टरांचा हात बसायला गरिबाचंच शरीर लागतं, ते तिथेही आणि आपल्याकडच्या सिव्हिलमध्येही. पण नाहीतर त्या शेतमजुराला ऑपरेशन मिळालंच नसतं हेही खरं.

पेशंट वाढले, जागा पुरेना. तेव्हा तेच फ्लेक्सनर, ज्यांनी नावं ठेवली होती, ते तेलसम्राट रॉकफेलरच्या पैशांवर चालणाऱ्या, शिक्षणाला देणग्या देणाऱ्या जनरल एज्युकेशन बोर्डात होते, आणि त्यांनीच आयोवाची बाजू घेतली! बोर्डात जोरदार भांडण झालं. फ्रेडरिक गेट्स म्हणून रॉकफेलरचे जुने सल्लागार होते, त्यांचं म्हणणं सरकारी युनिव्हर्सिटीला सरकारने पोसावं, आपण का पैसे द्यायचे. शेवटी फ्लेक्सनर जिंकले. रॉकफेलरच्या संस्थांनी साडेबावीस लाख डॉलर द्यायचे आणि तेवढेच राज्याने घालायचे, एकूण ४५ लाख. बाबा, तुम्हाला सोसायटीच्या बोअरवेलची वर्गणी आठवत असेल, "तुम्ही भरा मग आम्ही भरतो", तसलाच प्रकार पण मोठ्या आकड्यांचा 😄

म्हणजे इथले लोक सहज "रॉकफेलरने बांधलं" म्हणतात ते अर्धंच खरं. निम्मे पैसे मका आणि डुकरं विकून टॅक्स भरणाऱ्या शेतकऱ्यांचे आहेत. मला हा भाग सगळ्यात आवडला.

पुढे १९३० च्या दशकात हॉस्पिटलच्या स्वतःच्या गाड्या राज्यभर फिरायच्या, पेशंटला घरून आणायच्या आणि बरा झाला की सोडूनही यायच्या, फुकट. तेव्हा मंदीचे दिवस, गर्दी एवढी की प्रत्येक काउंटीला कोटा ठरवावा लागला. कोर्टाच्या कागदांवर पेशंट पाठवायची ही व्यवस्था, "स्टेट पेपर्स" म्हणायचे तिला, थेट २००५ पर्यंत टिकली.

आई, तुझ्यासाठी एक. आपल्या वरच्या मजल्यावरच्या वहिनींच्या नातवाचे पाय जन्मतः आत वळलेले होते आणि दर आठवड्याला प्लॅस्टर बदलायला न्यायचे, आठवतंय? ती पद्धत इथलीच! इग्नासिओ पॉन्सेटी नावाचे डॉक्टर, स्पेनचे, तिथल्या यादवी युद्धात जखमींवर उपचार केले, बाजू हरली म्हणून देश सोडावा लागला, फ्रान्स, मग मेक्सिको, आणि १९४१ ला इथल्या हाडांच्या विभागाचे प्रमुख स्टाइंडलर यांच्या हाताखाली हाडांचं काम शिकायला आले. त्यांनी बघितलं की मोठी ऑपरेशनं केलेले पाय पुढे ताठ होतात, दुखतात. म्हणून हाताने हळूहळू पाय वळवायचा, प्लॅस्टर घालायचं, आठवड्याने परत थोडा वळवायचा, शेवटी बऱ्याचदा टाचेमागच्या कंडरेला (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीला) बारीकसा छेद आणि मग काही वर्षं झोपताना दांडीचे बूट. कित्येक वर्षं बाकीच्या डॉक्टरांनी फारसं मनावर घेतलं नाही. नव्वदी ओलांडली तरी पेशंट बघायचे, २००९ ला गेले. आता भारतातही हीच पद्धत सगळीकडे.

आज टॉवर लांबून पूर्वीसारखा दिसत नाही, चारी बाजूंनी नव्या काचेच्या बिल्डिंगी चढल्यात. २०१७ ला उघडलेलं मुलांचं हॉस्पिटल तर अमेरिकन फुटबॉलच्या स्टेडियमच्या अगदी समोर, आणि मॅचचा पहिला क्वार्टर संपला की जवळपास ७० हजार माणसं वळून वरच्या मजल्यांवरच्या मुलांना हात करतात. तिकीट महाग आहे पण तुम्ही सप्टेंबरमध्ये आलात तर एकदा जाऊच.

बाबा, गुडघ्याचे एक्सरे बरोबर घ्या आणि विमानात व्हीलचेअर मागायला लाजू नका, हे मी तिसऱ्यांदा सांगतेय. आणि वाचनालयात जाल तेव्हा बघा ना, मिरजेच्या हॉस्पिटलला सुरुवातीला पैसे कुणी कुणी दिले, संस्थानाने काय दिलं, मला खरंच जाणून घ्यायचंय. आई, मेतकूट आण, लोणचं नको, मागच्या वेळी बॅगेत सांडलं होतं.

तुमची,
मनू