बीड रस्त्यावरचा कापसाचा ट्रक

चि. मेघा हिला बाबांचे अनेक आशीर्वाद.

विमानतळावरील नोकरीसाठी तुझी निवड झाल्याचे कळल्यापासून तुझ्या आईचे पाय घरात ठरत नाहीत. परवा फोनवर बोलता बोलता तू औरंगाबादच्या अपघाताला ‘कापसाच्या ट्रकने पाडलेले विमान’ म्हणालीस, तेव्हा मी गप्प राहिलो. पण ती गोष्ट तशी नाही, म्हणून हे पत्र लिहितो आहे.

२६ एप्रिल १९९३ रोजी इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ जातीचे विमान औरंगाबादहून मुंबईला निघाले होते. त्या वर्षी मी हिंगणघाटच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये गाठी मोजून ट्रकवर चढवून देण्याच्या कामावर होतो, आणि बातमी आली तेव्हा आमच्याकडच्या सगळ्या ड्रायव्हरांच्या तोंडी एकच प्रश्न होता : ट्रक धावपट्टीवर गेलाच कसा? तो गेलाच नव्हता. रुईच्या गाठी भरलेला तो ट्रक धावपट्टीच्या टोकापलीकडून जाणाऱ्या बीड रस्त्याने, म्हणजे आपल्या वाटेनेच, चालला होता. धावपट्टी संपल्यावर सुमारे ४१० फुटांवर विमानाचे डावे मुख्य चाक आणि त्या बाजूच्या इंजिनाचा खालचा भाग ट्रकच्या डाव्या अंगाला धडकला. कापूस म्हटला की लोकांना मऊ वाटतो, परंतु प्रेसमधून आवळून निघालेली १७० किलोची गाठ हाताला लाकडाच्या ओंडक्यासारखी लागते, आणि अशा गाठींची थप्पी लावलेला ट्रक किती उंच दिसतो हे तू लहानपणी पाहिलेच आहेस. त्यानंतर जवळजवळ तीन किलोमीटरवर विमान विजेच्या उच्चदाब तारांना लागून खाली कोसळले. विमानात ११८ माणसे होती, त्यांपैकी ५५ गेली.

चौकशीत दोष निघाला तो दोन ठिकाणी. धावताना ठरलेला वेग आला की वैमानिकाने विमानाचे नाक उचलायचे असते, म्हणजे पंखांना कोन मिळून विमान जमीन सोडते; ते येथे उशिरा उचलले गेले आणि उचलण्याची पद्धतही चुकली. भरलेल्या विमानाला एवढा उशीर झाला की धावपट्टी चाकांखालून निघून जाते आणि पुढचा अडथळा ओलांडण्यापुरती उंची उरत नाही. दुसरा दोष तेव्हाच्या राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाचा : उड्डाणांच्या वेळी बीड रस्त्यावरील वाहतुकीचे नियमन त्याने केले नव्हते. मला हा दुसरा दोष अधिक जड वाटतो, कदाचित मी गाठी चढवणारा माणूस असल्यामुळेच. वैमानिकाची चूक काही क्षणांची होती, रस्ता मात्र रोज तेथेच होता आणि त्यावरून ट्रक रोज जात होते. रेल्वे फाटकावर गाडी येण्याआधी आपला बैलगाडीवालाही थांबतो, कारण तेथे फाटक पाडणारा माणूस असतो.

तुझी नेमणूक ज्या विमानतळावर होईल तेथे धावपट्टीच्या टोकापलीकडून एखादा रस्ता जातो का, आणि जात असल्यास विमान सुटताना तो कोण अडवतो, हे पाहून मला कळव.

तुझे बाबा